कोरडा पट्टा

धाकट्याला चाचणीच्या हॉलमध्ये वहिनीनेच नेलं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे त्या घरात पुष्कळ बोलणं झालं, पण एवढं एक वाक्य बरेच दिवस कुणाच्या तोंडून निघालं नाही.

वहिनी ज्या कंपनीत होती ती मनगटावरची घड्याळं बनवायची. वेळ दाखवणं हे त्या घड्याळांचं सगळ्यात किरकोळ काम. त्यांच्या पोटाशी हिरवे दिवे होते. ते कातडीवर उजेड पाडायचे, खालून रक्त कसं ये-जा करतंय ते बघायचे आणि त्यावरून काळजाचे ठोके सांगायचे. बसल्या माणसाचे ठोके काय, कुठलंही घड्याळ सांगेल. माणूस पळायला लागला की खरी पंचाईत. हात हलतात, घड्याळ सरकतं, घाम येतो, आणि मग ते वाट्टेल तो आकडा ठोकून देतं. म्हणून चाचणीत पळणाऱ्याच्या छातीला एक पट्टाही बांधत. पट्टा थेट काळजातली वीज पकडतो. त्यामुळे पट्टा सांगेल ते खरं मानायचं आणि घड्याळ त्याच्या किती जवळ जातंय ते बघायचं, असा तो सगळा मामला होता.

पण पट्ट्यालाही एक खोड होती. छातीला टेकणारी त्याची बाजू ओली असावी लागते. कोरडी राहिली, नाहीतर वर झुळझुळीत टी-शर्ट फडफडत राहिला, की सुरुवातीच्या मिनिटांत पट्टा एकदम दोनशेवीस, दोनशेतीस असे आकडे ओकायला लागतो. म्हणून कंपनीने नियम करून ठेवला होता. घड्याळ शांत असेल आणि पट्टाच उसळला असेल, तर पट्टा कोरडा समजावा आणि तेवढ्या ओळी वगळाव्यात. वगळलेल्या ओळी पडद्यावर राखाडी व्हायच्या आणि अहवालात जायच्या नाहीत. आता घड्याळ कंपनीचं स्वतःचं, पट्टा बाहेरून विकत आणलेला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! या नियमाबद्दल तिथे कधी कुणाची तक्रार नव्हती.

या ओळी वगळायचं काम वहिनीचं. हॉलच्या कडेला काचेची एक खोली होती, तिथे ती बसायची. दर सेकंदाला एक ओळ, आणि ओळीत चार आकडे: वेळ, पट्टा, घड्याळ आणि मिनिटाला पडणारी पावलं. एका माणसाच्या अर्ध्या तासाच्या अठराशे ओळी, आणि दिवसाला पंधरा-सोळा माणसं. तांदळातले खडे निवडावेत तशी ती निवडत जायची. तिचा हात इतका बसला होता, की चाचणी विभागाच्या मोठ्या मॅडम नव्या माणसाला तिच्या शेजारी बसवून म्हणायच्या, "हिच्याकडे बघत राहा फक्त." वहिनीला याचा अभिमान होता, आणि का नसावा? चांगलं काम करणाऱ्याला अभिमान नसेल तर कुणाला असायचा!

नवं घड्याळ बाजारात जायला तीन महिने उरले आणि पळणारी माणसं कमी पडायला लागली. वहिनीने जेवताना घरी विषय काढला. घरात पाच माणसं. ती, तिचा नवरा, नऊ वर्षांची मुलगी जिला सगळे भिंगरी म्हणायचे, सासूबाई, आणि धाकटा. धाकटा म्हणजे तिचा दीर, सव्वीस वर्षांचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि स्वतः जन्मात लिफ्टमध्ये चढायचा नाही. आठ-आठ मजले जिन्याने पळत जायचा, आणि रोज सकाळी कामाआधी दहा किलोमीटर पळायचा ते वेगळंच.

"म्हणजे वहिनी, मी पळायचं आणि तुम्ही खुर्चीत बसून बघायचं?"

"हो. आणि पाणीही मिळेल. छातीवर शिंपडायला."

"आई, ऐकलंस? तुझी सून मला बैलासारखा धुऊन घाण्याला जुंपतेय."

"जुंपू दे," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतरी रोज उधळतोसच. तिच्या डोळ्यांसमोर उधळ, म्हणजे माझ्या जिवाला घोर नाही."

सासूबाईंच्या जिवाला घोर होता तो आजचा नव्हता. त्यांचे यजमान ऐन तिशीत नदीत पोहताना गेले. बुडाले, असं सगळे म्हणाले. तेव्हापासून त्यांनी बुटांच्या कारखान्यात पंचवीस वर्षं चामडं शिवलं, दोन पोरं वाढवली, आणि पोरं घराबाहेर पडली की परत येईपर्यंत त्यांचं लक्ष दाराकडे. त्या दिवशी त्यांनी सुनेला बाजूला घेऊन विचारलं, "तिकडे नीट बघतात ना गं सगळं? काळीज वगैरे?"

"आई, तिथे तेवढंच बघतात," वहिनी म्हणाली. "निर्धास्त राहा. काही असलं तर पहिलं मला दिसेल."

मंगळवारी धाकटा आला आणि दहा मिनिटांत त्याने हॉल डोक्यावर घेतला. तो तिला वहिनी म्हणतो म्हटल्यावर तंत्रज्ञ, पहारेकरी, खुद्द मोठ्या मॅडमसुद्धा तिला वहिनी म्हणायला लागल्या. वहिनीने स्वतःच्या हाताने त्याचा पट्टा ओला केला, घड्याळ मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर सरकवून घट्ट बसवलं, आणि ती काचेआड जाऊन बसली.

पहिली आठ मिनिटं पट्टा आणि घड्याळ हातात हात घालून चालले होते. मग तंत्रज्ञाने ट्रेडमिलचा वेग वाढवला आणि नवव्या मिनिटाला पट्टा बिघडला. एकशेअठ्ठेचाळीस, एकशेएक्कावन्न, आणि एकदम दोनशेचौदा. मग सत्त्याण्णव. मग दोनशेएकवीस. घड्याळ मात्र शहाण्या पोरासारखं एकशेसहासष्टवर बसलं होतं. काचेपलीकडे धाकट्याने हात वर करून वेग कमी करायला सांगितला.

वहिनी पाण्याची बाटली घेऊन बाहेर गेली. "काय झालं भावजी?"

"काही नाही हो. छातीत जरा फडफडलं. क्षणभर पायाखालची जमीन गेल्यासारखं वाटलं."

"लग्नाचं वय उलटत चाललं की फडफडतं तसं. आईंना म्हणते आता, बघा एखादी."

"बघा बघा. पण जिने चढणारी बघा. लिफ्टमधून येणारी नको मला."

सगळे हसले. तिने पट्ट्यावर पुन्हा पाणी शिंपडलं. तो पुन्हा हळू पळायला लागला तसा पट्टाही ताळ्यावर आला. आत जाऊन तिने ते सत्तेचाळीस सेकंद राखाडी केले आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: पट्टा कोरडा. खाली तिची सही.

पुढच्या मंगळवारी तेच. तसाच वेग वाढला आणि तसाच पट्टा उसळला. त्याच्या पुढच्या मंगळवारी तिने कोरा करकरीत पट्टा काढला, पाण्यात बुडवून बांधला, टी-शर्ट काढायला लावला. तरीही पट्टा दोनशेअठरावर गेला. आता मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने तोच पट्टा धुऊन पुढच्या माणसाला बांधला. अर्धा तास सुतासारखा सरळ चालला.

ती मोठ्या मॅडमकडे गेली. "एकाच माणसाचा पट्टा तीनदा कोरडा कसा राहील?"

मॅडम अहवालात बुडालेल्या होत्या. "छातीची ठेवण असेल. नीट टेकत नसेल. घड्याळ काय म्हणतंय?"

"एकशेसहासष्ट."

"मग? त्या वेगाला तेवढे असायलाच हवेत. वगळ ना. नियम कशाला केलाय!"

तिने वगळलं. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. विचारायचं होतं ते विचारून झालं होतं, आणि बाहेर अजून नऊ माणसं ताटकळत होती. संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "भावजी ठणठणीत आहेत. आमचा पट्टाच नखरेल." धाकट्याने पोळी मोडता मोडता पट्ट्याची नक्कल करून दाखवली, अंग झटके देऊन, आणि भिंगरी हसून हसून गडबडा लोळली.

त्याच रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीकडे चढणाऱ्या रस्त्यावर धाकटा पडला. समोरून सायकलवर येणाऱ्या माणसाने पाहिलं. चढ संपता संपता तो थांबला, छातीवर हात ठेवला, काहीतरी विसरल्यासारखं मागे वळून बघितलं आणि पालथा कोसळला. इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

शवविच्छेदन झालं. डॉक्टरांनी वहिनीला आणि तिच्या नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, की हृदयात काहीही सापडलं नाही. नळ्या मोकळ्या, झडपा चांगल्या, मांस निरोगी. "काही वेळा हृदयाची घडण उत्तम असते, पण पळताना त्याची लय बिघडते. मेल्यानंतर लय कुठे दिसणार? जिवंतपणी पळतानाची एखादी नोंद असती, तर घरातल्या बाकीच्यांमध्ये काय शोधायचं ते तरी कळलं असतं." ते एवढं बोलले आणि कागदावर कारण अज्ञात असं लिहून मोकळे झाले. वहिनी तिथे बसलेली होती. तिने हे कानांनी ऐकलं, पण आत काही शिरलं नाही. त्या दिवशी तिला पाण्याचा पेलासुद्धा कुणीतरी हातात धरून द्यावा लागत होता.

घरात माणसं येत राहिली. सासूबाई रडत नव्हत्या. भिंतीला टेकून बसायच्या आणि येईल त्याला एकच सांगायच्या. "काही आजार नव्हता हो त्याला. आमच्या सुनेकडे दर मंगळवारी काळीज तपासत होते त्याचं. काही असतं तर हिला दिसलं नसतं का? त्याची वेळच भरली होती, दुसरं काय." आणि मग सुनेकडे बघायच्या. वहिनी मान हलवायची. त्या म्हातारीला धरायला तेवढी एकच काठी उरली होती.

दोन आठवड्यांनी वहिनी कामावर गेली. दुपारी खोलीत कुणी नसताना तिने धाकट्याच्या ओळी उघडल्या. का उघडल्या? तो पळत होता, हसत होता, त्याचे ठोके तिथे होते. बघावंसं वाटलं, बस. ती वरपासून एक-एक ओळ वाचत राखाडी भागापर्यंत आली, आणि पहिल्यांदाच तिची नजर चौथ्या आकड्यावर गेली.

घड्याळ एकशेसहासष्ट, पावलं एकशेसहासष्ट. घड्याळ एकशेसदुसष्ट, पावलं एकशेसदुसष्ट. घड्याळ एकशेपासष्ट, पावलं एकशेपासष्ट. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस ओळी.

त्या हॉलमध्ये याला शब्द होता. 'घड्याळ पायावर गेलं' म्हणायचे. रक्ताचा इशारा क्षीण झाला आणि हाताचा झोका जोरात असला, की घड्याळ फसतं आणि ठोक्यांऐवजी पावलंच मोजत बसतं. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात ती स्वतः हे शिकवायची! आणि कोरडा पट्टा? कोरडा पट्टा सुरुवातीला बरळतो आणि घाम फुटला की गप्प होतो. हा आठ मिनिटं नीट चालला होता आणि घामाने निथळल्यावर, वेग वाढल्यावर उसळला होता. तिन्ही वेळा. वेग कमी झाला की शांत. पट्टा कुठून कोरडा असणार? पट्टा ओरडून सांगत होता, आणि ती त्याच्यावर पाणी शिंपडत होती. धाकटासुद्धा स्वतःच्या तोंडाने सांगत होता, आणि ती त्याला स्थळ बघत होती.

तिने ओळी बंद केल्या. स्वच्छतागृहात गेली. तोंड धुऊन परत आली आणि उरलेल्या सात माणसांचं काम तिने संपवलं. चौथा आकडा बघत बघत.

घरी कुणाला सांगितलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर मानही तशीच हलवत राहिली. आता तुम्ही म्हणाल, असं कसं? पण सांगायचं कुणाला? नवरा भावाचा शर्ट उशाशी घेऊन झोपत होता. सासूबाईंच्या हातातली ती काठी काढून घ्यायची आणि त्याच काठीने त्यांना हाणायचं? गेलेला तर परत येत नव्हता. अशी ती मनाशी बोलायची, आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं सासूबाईंनी नुसतं "अगं" म्हटलं तरी दचकायची.

एवढं असूनही, डॉक्टर काय म्हणाले होते ते तिला आठवलं ते भिंगरीमुळे. शाळेने भिंगरीला चारशे मीटरसाठी निवडलं. पोर काकाच्याच चालीने पळायची, कोपरं अंगाशी घट्ट धरून. नवऱ्याच्या तोंडावर कित्येक दिवसांनी हसू आलं. सासूबाईंनी कपाटातून जुनी दाभण आणि दोरा काढला आणि नातीच्या बुटांची टाच दुहेरी शिवायला बसल्या. "काकाचं नाव काढेल माझी भिंगरी."

ते ऐकताना वहिनीच्या डोक्यात ते वाक्य लख्ख उभं राहिलं. घरातल्या बाकीच्यांमध्ये.

"नको पळू दे तिला," ती म्हणाली.

नवऱ्याने वर बघितलं. "का?"

"गुडघे दुखतात तिचे."

"नाही दुखत!" भिंगरी म्हणाली.

"ऊन फार असतं मैदानावर. पुढच्या वर्षी बघू."

"अगं, तो गेला म्हणून पोरीला घरात कोंडून घालणार का तू?" नवऱ्याचा आवाज चढला. "काही आजार होता का त्याला? तूच सांग. होता?"

हीच ती वेळ होती. सासूबाईंची दाभण बुटात अर्धी शिरून थांबली होती. वहिनीने तोंड उघडलं, आणि "नव्हता" म्हणाली. वर आणि "मला आपली भीती वाटते" असंही म्हणाली. धिक्कार असो अशा जिभेचा. पुढे कितीतरी वर्षं ती स्वतःला हेच म्हणत राहिली.

भिंगरी चार दिवस सरावाला गेली. पाचव्या दिवशी दुपारी लवकर घरी आली आणि दप्तर टाकून आईच्या मांडीवर पडली. "पळता पळता काळं काळं दिसलं. मग मी खालीच बसले. सर म्हणाले, पाणी पी."

"आणि छातीत?"

"छातीत टकटक नाही, फुर्रर्र झालं."

वहिनी उठली. अंगावरच्या कपड्यांनिशी हॉलवर गेली आणि धाकट्याच्या तिन्ही मंगळवारच्या सगळ्या ओळी, राखाडीसकट, छापायला लावल्या. यंत्रातून कागद निघत होते तेव्हा मोठ्या मॅडम आल्या.

"हे काय? ही नोंद बाहेर न्यायची परवानगी नाही."

"माझ्या दिराचं काळीज आहे हे."

मॅडमनी वरचा कागद उचलला. त्यांनाही वाचता येत होतं. घड्याळ आणि पावलं, घड्याळ आणि पावलं, असं त्यांचं बोट खालपर्यंत गेलं. मग त्यांनी कागद ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "वहिनी, प्रत्येक वेळी वगळलेल्या ओळींखाली सही तुझी आहे."

"माहीत आहे."

"मी तुला असं काही करायला सांगितलं नव्हतं. मी फक्त नियम सांगितला."

कानांवर हात ठेवायला माणसाला किती वेळ लागतो? एवढाच. वहिनीने कागद गोळा केले. भांडायला तिच्यात त्राण नव्हतं, आणि मॅडमवर ढकलून तिचं ओझं उतरणारही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात चौघं होती. सासूबाई हट्टाने आल्या होत्या. नात डॉक्टरकडे जाणार आणि त्या घरी बसणार, हे होणं नव्हतं. हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी वहिनीचे कागद आधीच बघून ठेवले होते. भिंगरीच्या छातीला दहा तारा लावून तिला हळूहळू चालवलं, मग थोडं पळवलं. दोघी परिचारिका दोन्ही बाजूंना उभ्या होत्या. चौथ्या मिनिटाला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बस." आवाज शांत होता, पण त्यांनी स्वतः हात घालून पोरीला उचलून खाली घेतलं.

मग त्यांनी सगळ्यांना समोर बसवलं. रक्तातून येणारा दोष आहे, म्हणाल्या. बसल्या जागी काही दिसत नाही. पळताना, पोहताना, घाबरल्यावर लय सुटते. गोळी आहे, रोज घ्यायची, आयुष्यभर. पळणं बंद, पोहणं बंद. वडिलांचीही तपासणी करायची. "तुमचे यजमान कशाने गेले?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"बुडून."

"पोहता येत नव्हतं?"

"येत नव्हतं? नदी दोनदा ओलांडायचे न थांबता."

डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबवलं. सासूबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. पंचवीस वर्षं त्यांनी नदीला शिव्या दिल्या होत्या.

"मुलगी वेळेवर आली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि हे कागद होते म्हणून मला काय शोधायचं ते कळलं. तिच्या काकांचे ठोके इथे अगदी स्पष्ट दिसतायत. ही नोंद त्या वेळी कुणी माझ्यासारख्याला दाखवली असती, तर तेही आज गोळी घेत असते." बाईंना काय माहीत, त्या कुणासमोर बोलतायत! त्यांनी सहज विचारलं, "या ओळी राखाडी का आहेत? कुणी काढून टाकल्या होत्या का?"

नवरा कागदांकडे बघत होता, आणि खालची सही त्याला ओळखू आली.

"मी," वहिनी म्हणाली.

सासूबाईंना सहीही दिसली नाही आणि ओळीही कळल्या नाहीत. "काय काढलंस?"

मग वहिनीने सांगितलं. सगळं, काही हातचं न राखता. पट्टा, घड्याळ, पावलं, कोरडा. फडफडतं असं तो म्हणाला होता, तेही. सांगताना ती रडली नाही. आपल्याला आता रडायचा हक्क नाही, असं तिला वाटत होतं. नवरा मध्येच उठला आणि भिंगरीला उचलून बाहेर घेऊन गेला.

"किती वेळा?" सासूबाईंनी विचारलं.

"तीनदा."

"आणि मला काय सांगितलंस?"

"ठणठणीत."

"तुला हे कधी कळलं?"

"तो गेल्यावर दोन आठवड्यांनी."

"आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते तेव्हा तू मान हलवत होतीस."

"हो, आई."

सासूबाई खुर्चीला धरून उठल्या. वहिनी आधार द्यायला पुढे झाली तेव्हा त्यांनी हात झिडकारला नाही, नुसता घेतला नाही. भिंतीला धरत धरत त्या दारापर्यंत गेल्या.

नवऱ्याच्या तपासणीतही तोच दोष निघाला, सौम्य. त्यालाही गोळी लागली. तो वहिनीशी बोलायचा. बोलायचा म्हणजे भाजी आण, बिल भर, इतकं. वहिनीने कंपनीत राखाडी ओळींबद्दल लेखी कळवलं आणि तिला दुसऱ्या विभागात, खोकी मोजायच्या कामाला, पाठवण्यात आलं. घर चालू होतं. कुणी घराबाहेर काढलं नाही, कुणी ताट वेगळं वाढलं नाही. ओरडले असते, तर परवडलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, की रोज सकाळी गोळी देण्याआधी पोरीची नाडी एक मिनिटभर हाताने मोजायची. यंत्राने नको, बोटांनी. पन्नासच्या खाली आली तर गोळी न देता फोन करायचा. पहिल्याच सकाळी वहिनी गोळी आणि पाणी घेऊन आली, भिंगरीसमोर बसली आणि तिने हात पुढे केला. पण पोरीचं मनगट आधीच आजीच्या मांडीवर होतं. चामडं शिवून शिवून निबर झालेली बोटं त्यावर चाचपडत होती. सासूबाईंचे डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे लागले होते, आणि सेकंदाचा काटा त्यांना दिसत नव्हता हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

"एकोणीस, वीस," त्या पुटपुटत होत्या. "एकवीस... तेवीस..." मग थांबल्या. "चुकलं."

"आई, मी मोजते," वहिनी म्हणाली. "तुम्हाला काटा दिसत नाही."

सासूबाईंनी नातीचा हात स्वतःकडे ओढून घेतला. रागाने नाही. पहिल्यांदाच त्यांनी सुनेकडे सरळ बघितलं.

"तू नको मोजूस, बाई. माझा एक तुझ्या मोजण्यात गेला."

वहिनीचा हात तसाच पुढे राहिला होता. तो तिने मागे घेतला. भिंगरीने एकदा आईकडे बघितलं, एकदा आजीकडे.

"आजी, काटा बारावर आला की मी सांगते," ती म्हणाली. "तू पुन्हा एकपासून मोज."

सासूबाई पुन्हा एकपासून मोजायला लागल्या. वहिनी गोळी मुठीत धरून, त्या म्हणतील तेव्हा द्यायला, बाजूला उभी राहिली.